मोटारसायकलीचा ट्रेलर

मोटारसायकलीच्या मागे जोडून ओढून न्यावयाच्या, स्वतःचे एंजिन नसलेल्या लहान वाहनास मोटारसायकलीचा ट्रेलर म्हणतात. साइडकार मोटारसायकलीच्या बाजूस पक्की बसविलेली असते व तिच्यामुळे वाहन तीनचाकी होते. ट्रेलर मात्र सांध्याने जोडलेला असल्यामुळे मोटारसायकल वळणावर नेहमीप्रमाणे झुकू शकते. भारताच्या १९८८ च्या मोटारवाहन अधिनियमातील ट्रेलरच्या व्याख्येतून साइडकार वगळलेली आहे. तंबू, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी इ. सामान नेण्यासाठी यूरोपात व उ. अमेरिकेत लांब पल्ल्याचे प्रवासी ट्रेलर वापरतात.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोटार-ट्रायसिकल व मोटारसायकल यांच्यामागे आसन असलेला ट्रेलर जोडून त्यातून दुसऱ्या व्यक्तीस नेत असत. तिला पुढील वाहनाची धूळ व धूर सोसावा लागे. साइडकारचा प्रसार झाल्यावर ही पद्धत मागे पडली व ट्रेलर मुख्यतः सामानापुरता उरला. चेकोस्लोव्हाकियात १९६० च्या सुमारास जावा मोटारसायकलींसाठी तयार झालेला पीएव्ही-४० हा एकचाकी ट्रेलर या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण होय.

प्रकार : एकचाकी ट्रेलरच्या जोडास डावी-उजवीकडे व वर-खाली फिरण्याची मुभा असते, परंतु तो कलंडू नये म्हणून स्वतःच्या लांबीभोवती फिरण्यास त्यास प्रतिबंध असतो. त्यामुळे तो मोटारसायकलीबरोबरच झुकतो व तिच्या चाकोरीतून जातो. त्याचा डोलारा मोटारसायकलीलाच सांभाळावा लागत असल्याने तो हलक्या सामानासाठीच योग्य ठरतो. दुचाकी ट्रेलर स्वतः उभा राहतो व अधिक भार घेतो. मोटारसायकल झुकली, तरी तो सपाटच राहावयाचा असल्याने त्याच्या जोडास लांबीभोवतीही फिरता आले पाहिजे. साध्या गोलकजोडात हे फिरणे मर्यादित असते. फिरत्या सांध्याचा जोड असल्यास मोटारसायकल आडवी पडली, तरी ट्रेलर उलटत नाही.

भाराची निवड : ट्रेलर निवडताना त्याच्या पेटीच्या आकारमानापेक्षा एकूण वजनाचा विचार आधी करावा लागतो. ब्रिटनमधील नियमांनुसार मोटारसायकलीचे एंजिन १२५ घ. सेंमी.पेक्षा मोठे असावे लागते. ट्रेलरची रुंदी १ मी.पेक्षा अधिक चालत नाही आणि सामानासह त्याचे वजन १५० किग्रॅ. किंवा मोटारसायकलीच्या वजनाच्या दोन-तृतीयांश, यांपैकी जे कमी असेल तेवढेच ठेवावे लागते. उदा., २१० किग्रॅ. वजनाच्या मोटारसायकलीस १४० किग्रॅ. ही मर्यादा येते. रिकामा ट्रेलर ५० किग्रॅ.चा असल्यास सामानासाठी ९० किग्रॅ. उरतात.

मात्र वजन मर्यादेत असणे पुरेसे नाही. ते कोठे ठेवले आहे, यावर स्थैर्य अवलंबून असते. गुरुत्वमध्य ट्रेलरच्या आसाच्या किंचित पुढे असावा. त्यामुळे एकूण वजनाचा काही भाग, साधारणतः सु. १० टक्के, जोडावर येतो. जोड व आस यांतील अंतर १४० सेंमी. आणि गुरुत्वमध्य आसापुढे १४ सेंमी. असल्यास १४० किग्रॅ. वजनापैकी १४ किग्रॅ. जोडावर पडतात. हा भार फार वाढविणेही योग्य नव्हे. कारण जोड मागील आसाच्याही मागे असल्याने मोटारसायकलीचे पुढील चाक तरफेप्रमाणे उचलले जाऊन हलके होते व दिशानियंत्रण कमी होते. याउलट गुरुत्वमध्य आसामागे गेल्यास जोड वर ओढला जातो आणि वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागतो. ही आंदोलने वाढत जाऊन चालकास खाली पाडू शकतात. म्हणून जड वस्तू तळाशी व आसाजवळ ठेवून बांधतात आणि निघण्यापूर्वी जोडावरील भार साध्या वजनकाट्याने मोजतात.

ओढण्याचे तंत्र : बहुतेक लहान ट्रेलरांना स्वतःचे गतिरोधक नसतात. वरील उदाहरणात ८० किग्रॅ.चा चालक धरल्यास २९० किग्रॅ.चे वजन ४३० किग्रॅ. होते, गतिरोधक बल तेवढेच राहिल्यास थांबण्याचे अंतर सु. दीडपट होते. त्यामुळे पुढील वाहनापासून अधिक अंतर ठेवावे लागते. वळणावर जोराने गतिरोधक लावल्यास ट्रेलर मागील चाकास तिरपा रेटा देतो. म्हणून वेग वळणापूर्वी, मोटारसायकल सरळ असतानाच कमी करावा. उतारावर खालचा गिअर वापरावा. हेलकावे सुरू झाल्यास एकदम गतिरोधक लावू नये किंवा वेग वाढवू नये. थ्रॉटल हळूहळू कमी करून वाहन सरळ धरावे. दुचाकी ट्रेलरची चाके वळणावर मोटारसायकलीच्या मार्गापेक्षा आतील बाजूने जातात. तसेच मोटारसायकल ज्या खड्ड्याला वळसा घालते, त्यात ट्रेलरचे एक चाक सापडू शकते. ब्रिटनमध्ये अशा जोडवाहनास द्रुतगती मार्गांवर ताशी सु. ९६ किमी. व साध्या मार्गांवर बहुधा ताशी सु. ८० किमी. ही वेगमर्यादा आहे.

देखभाल व कायदा : जोड निसटल्यास ट्रेलर रस्त्यावर मोकाट सुटू नये म्हणून सुरक्षा साखळी आवश्यक असते. मागील दिवा, थांबण्याचा दिवा व दिशादर्शक दिवे यांची विद्युत् जोडणी प्रत्येक फेरीपूर्वी तपासतात. ४० सेंमी. व्यासाचे चाक ६० सेंमी. व्यासाच्या चाकाच्या दीडपट फेरे घेते. त्यामुळे लहान चाकांचे धारवे लवकर तापतात व थांब्यावर तुंब्यास हात लावून त्यांची परीक्षा करणे हितावह ठरते. ट्रेलर ओढू नये, असा इशारा काही निर्माते आपल्या चालक-पुस्तिकांत देतात. तो आधी पाहावा. भारतात १९८८ च्या अधिनियमातील नोंदणीच्या तरतुदी ट्रेलरलाही लागू आहेत. त्यामुळे गावातील कार्यशाळेत गाडा तयार करून घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे चौकशी करणे आवश्यक असते. सांगाडा मजबूत असला, तरी मोटारसायकलीच्या गतिरोधकांना पेलणार नाही असा ट्रेलर सुरक्षित म्हणता येत नाही.