पेशीचक्रातील डी. एन. ए. द्विगुणनाचे नियमन : सिकलसेलवरील एका औषधाच्या निमित्ताने

सिकलसेल ह्या आनुवंशिक रक्तविकाराशी विदर्भाचा परिचय जुना आहे. मध्य भारतातील त्याच्या वाहकांविषयी शुक्ला व सोळंकी ह्यांचे टिपण ‘लॅन्सेट’ नियतकालिकात १९५८ साली प्रसिद्ध झाले. पुढे ह्या विकारावर हायड्रॉक्सियुरिया हे औषध रूढ झाले, आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व त्यांचे सहकारी ह्यांनी त्याचा बालरुग्णांवर केलेला अभ्यास २०१२ साली प्रकाशित झाला. पाश्चात्त्य देशांत हे औषध रुग्णास सोसेल तितके वाढवीत नेण्याची पद्धत आहे. नागपूरच्या अभ्यासात मात्र वजनाच्या दर किलोग्रॅममागे रोज १० मिलिग्रॅम एवढी अल्प व ठरावीक मात्रा योजिली होती. आणि तेवढ्यानेही वेदनांचे तीव्र झटके व रक्त देण्याचे प्रसंग पुष्कळ घटल्याचे आढळले.

ह्या औषधाचा मुख्य गुण असा की, ते डी. एन. ए.ची निर्मिती अडविते. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. सिकलसेलच्या रुग्णात ती बहुधा दहा-वीस दिवसांतच नाश पावते. त्यामुळे त्याच्या अस्थिमज्जेस नव्या पेशी घडविण्याचे काम अहोरात्र करावे लागते. अशा राबणाऱ्या मज्जेतच वर्षानुवर्षे डी. एन. ए.च्या निर्मितीस रोज अडथळा आणावयाचा, आणि तरीही मज्जा उजाड होऊ द्यावयाची नाही, हे साधते कसे? ह्याचे उत्तर बऱ्याच अंशी पेशीच्या स्वतःच्या व्यवस्थेत आहे.

पेशी डी. एन. ए.ची नक्कल सदासर्वकाळ करीत नसते, हे हॉवर्ड व पेल्क ह्यांनी १९५३ साली दाखविले. किरणोत्सर्गी फॉस्फरस देऊन वाढविलेल्या घेवड्याच्या जातीतील एका वनस्पतीच्या मुळांत त्यांना असे दिसले की, डी. एन. ए. दोन विभाजनांच्या मधल्या एका मर्यादित काळातच घडते. त्या काळास ‘एस’ अवस्था, त्यापूर्वीच्या अवकाशास ‘जी-१’ व नंतरच्यास ‘जी-२’ अशी नावे पडली. मनुष्याच्या पेशीत एस अवस्था साधारणतः आठ तासांची असते.

आठ तास हा अवधी किती तोकडा आहे हे थोड्या हिशेबाने कळेल. मनुष्याच्या सर्वांत मोठ्या गुणसूत्रात सुमारे २५ कोटी अक्षरजोड्या आहेत, आणि नक्कल करणारी यंत्रणा मिनिटास अदमासे दीड हजार जोड्यांचा पल्ला गाठते. मध्यभागी एकाच ठिकाणी आरंभ करून ती दोहो दिशांनी निघाली, तर हे एक गुणसूत्र पुरे होण्यास जवळजवळ दोन महिने लागतील! म्हणून पेशी एकाच वेळी हजारो ठिकाणी आरंभ करते. सर्व गुणसूत्रे मिळून अशी आरंभस्थाने तीस ते पन्नास हजारांच्या घरात जातात. परंतु एवढ्या ठिकाणी काम चालू असता, एखादा तुकडा दोनदा उतरला जाऊ नये व एखादा राहूनही जाऊ नये, ह्याची दक्षता कोण घेतो?

ह्या कोड्याची पहिली उकल राव व जॉन्सन ह्यांच्या १९७०च्या प्रयोगांनी झाली. निरनिराळ्या अवस्थांतील दोन पेशी त्यांनी एकमेकींत मिसळविल्या. एस अवस्थेतील पेशीच्या संगतीने जी-१मधील केंद्रक वेळेपूर्वीच नक्कल करू लागले. जी-२मधील केंद्रक मात्र त्याच पेशीद्रवात राहूनही स्वस्थ बसले. एकदा नक्कल झालेल्या डी. एन. ए.च्या ठिकाणीच काही उणे झालेले असते, असा ह्याचा अर्थ. ब्लो व लास्की ह्यांनी १९८८ साली बेडकाच्या अंड्यांच्या अर्कावरील प्रयोगांतून त्या ‘उण्या’स परवान्याचे रूप दिले : नक्कल करण्याचा परवाना विभाजनानंतर मिळतो, आणि वापरताच संपतो.

आज त्या परवान्याची घडण पुष्कळशी ज्ञात आहे. विभाजन संपल्यापासून जी-१च्या अखेरपर्यंत सी. डी. के. नामक एन्झाइमांचा जोर कमी असतो. त्या काळात ओ. आर. सी., सी. डी. सी.-६ व सी. डी. टी.-१ ही प्रथिने आरंभस्थानांवर एम. सी. एम. ह्या कड्यासारख्या प्रथिनांच्या जोड्या चढवितात. हाच परवाना. पुढे सी. डी. के.चा जोर वाढला की ही कडी कार्यरत होऊन डी. एन. ए.चे पदर उलगडू लागतात व नकलेबरोबर पुढे सरकत जातात, म्हणजे मूळ स्थान रिकामे होते. खुबी अशी की, नकलेस प्रारंभ करणारे हेच सी. डी. के. नवी कडी चढविण्यास बंदीही घालतात. शिवाय जेमिनिन हे प्रथिन सी. डी. टी.-१ला जखडून ठेवते. नाटकगृहाच्या दाराशी तिकीट फाडले जावे आणि खेळ सुरू होताच तिकिटांची खिडकीही बंद व्हावी, तसेच हे. ती खिडकी उघडते ती विभाजनाच्या अखेरीस, सायक्लिन व जेमिनिन नष्ट केली गेल्यावरच.

ह्या कडक शिस्तीची किंमतही पेशीस मोजावी लागते. एस अवस्थेत वाटेवर यंत्रणा अडली, तर तेथे नवा परवाना देता येत नाही. म्हणून पेशी जी-१मध्येच गरजेहून कितीतरी अधिक कडी चढवून ठेवते. त्यांतील बहुसंख्य कडी नेहमीच्या परिस्थितीत निद्रिस्तच राहतात, आणि शेजारची यंत्रणा त्यांच्यावरून गेली की गळून पडतात. वरवर पाहता ही उधळपट्टी वाटते; प्रस्तुत लेखकासही प्रथम तशीच वाटली होती.

हायड्रॉक्सियुरियाच्या प्रसंगी ह्याच शिलकीचा उपयोग होतो. हे औषध परवान्यास हात लावीत नाही; ते रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज ह्या एन्झाइमास निष्प्रभ करते. त्यामुळे डी. एन. ए.ची सुटी अक्षरे अपुरी पडतात व नक्कल जागोजागी मंदावते. तेव्हा ए. टी. आर. हे पहारेकरी प्रथिन जागे होते. ते अद्याप सुरू न झालेल्या दूरच्या भागांतील आरंभ रोखते, विभाजनही थांबविते आणि हाती असलेली अक्षरे चालू कामासाठी राखते. अडलेल्या यंत्रणेच्या आसपासची निद्रिस्त कडी तेवढी कामास लागतात. औषधाचा प्रभाव काही तासांत ओसरला की बहुतेक पेशी उरलेली नक्कल पुरी करून पुढे जातात. मात्रा अल्प असली की ही सावरण्याची सवड रोज मिळते. मात्रा वाढली, तर ज्या पेशींची शिल्लक पुरत नाही त्या मरू लागतात, आणि त्याची पहिली चाहूल पांढऱ्या पेशींच्या घसरत्या संख्येत लागते.

ह्या अडथळ्यातून सावरलेली मज्जा गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक प्रमाणात घडवू लागते, आणि ते रुग्णाच्या तांबड्या पेशींस विळ्याचा आकार येऊ देत नाही. नकलेच्या अडथळ्यापासून ह्या हिमोग्लोबिनापर्यंतची कारणपरंपरा शास्त्रास अद्याप पूर्णपणे उलगडलेली नाही. मूळ विकार, म्हणजे बीटा-ग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराचा बदल, तसाच राहतो. कारण पेशीची नक्कल इतकी इमानी असते की ती चूकही दर विभाजनात जशीच्या तशी उतरते. म्हणून हे औषध दीर्घकाळ घ्यावे लागते, आणि ते घेणाऱ्या मुलास ठरावीक अंतराने रक्तातील पेशींच्या गणनेसाठी रुग्णालयाची वाट धरावी लागते.