चावीची आगगाडी आणि दोन नंबरची कंपनी



आधी टेबलावर काय ठेवलंय ते सांगतो, कारण मागच्या रांगेतल्यांना दिसणार नाही. पत्र्याचं इंजिन आहे, वीतभरापेक्षा थोडं लांब. हिरवा रंग, एका बाजूचा बराच उडालेला. चावी पितळेची आहे आणि ती मूळची नाही. तिची हकीकत पुढं येईल. इंजिनामागं कोळशाचा डबा जोडायला आकडा आहे, पण डबा नाही. तो का नाही, तेही आम्हीच सांगणार आहोत, कारण दोष आमचाच आहे.

आम्ही दोघं भाऊ खेळण्यातल्या जुन्या आगगाड्या गोळा करतो. हे शिरूर कासारला येऊन सांगायचं म्हणजे जरा गंमतच आहे. ज्या गावात आम्ही वाढलो तिथं खरी आगगाडी बघायची तर नगर गाठावं लागे. नगर-बीड-परळी ही २६१ किलोमीटरची लाइन आमच्या पिढीनं भाषणांत ऐकली, निवेदनांत वाचली. २३ सप्टेंबर २०२२ ला नगरहून आष्टीपर्यंत गाडी आली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडपर्यंत. आता आपल्याच तालुक्यातल्या विघनवाडीवरून ती जाते. आम्हाला आमची पहिली गाडी मात्र १९७४ च्या दिवाळीत मिळाली, आणि ती सिंदफणेच्या काठावर चालली.

आमचे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, मुंबईला परळच्या गिरणीत होते. त्या दिवाळीला त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून हे इंजिन, त्याचा कोळशाचा डबा आणि माणसांचा एक डबा आणला. रूळ नव्हते. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, त्यांना हा ऐवज मिळाला होता. त्या काळात परदेशी खेळणं नवं कोरं मिळणं जवळजवळ अशक्य. १९५७ च्या सुमाराला परकीय चलनाचा तुटवडा पडला आणि आयातीवरची बंधनं घट्ट झाली. त्यामुळं साहेबाच्या किंवा एखाद्या पैसेवाल्याच्या घरातून बाहेर पडलेलं जुनं सामान हाच काय तो रस्ता.

सारवलेल्या भुईवर इंजिन चालायचं नाही, चाकं रुतायची. म्हणून आम्ही ते देवळातल्या शहाबादी फरशीवर न्यायचो. चावी द्यायची, खटका सोडायचा आणि पळायचं मागं. बघायला सगळी आळी. तोवर आम्हा पोरांची गाडी म्हणजे काय, तर ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी, नाहीतर काड्यापेट्या दोऱ्यात ओवून केलेली आगगाडी. इंजिनाच्या बाजूला इंग्रजी अक्षरं होती. इंग्रजी पाचवीपासून, आम्ही तिसरीत. तेव्हा ती अक्षरं आम्ही चित्रासारखी पाटीवर गिरवली. पुढं वाचता आली: मेट्टॉय, मेड इन ग्रेट ब्रिटन.

मग मे महिन्यात पुण्याला मामाकडं गेलो. मामेभावाकडं हॉर्नबी होती. तीही चावीचीच, पण रूळ, सांधे, सिग्नल, स्टेशन असा सगळा संसार. आम्ही आमचं इंजिन पिशवीत घालून नेलं होतं. रुळावर ते बसलं बरोबर. पण त्याचे डबे आमच्या इंजिनाला जोडता येईनात. त्यांचा आकडा वेगळा, आमची पत्र्याची खाच वेगळी. शेवटी दोऱ्यानं बांधले. तो दोरा बघून मामेभाऊ म्हणाला, "ही खरी कंपनी नाहीच. खरी कंपनी हॉर्नबी."

आम्ही ते मनात घेऊन आलो, आणि पुढच्या दिवाळीला नाना आल्याआल्या विचारलं, "नाना, तुम्ही हॉर्नबी का नाही आणली?" नानांनी इंजिन हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं. म्हणाले, "मला काय म्हाईत रं, त्यात बी कंपनी असती." आणि खाली ठेवलं. रागावले नाहीत. रागावले असते तर आम्ही विसरलो असतो.

त्या दिवसापासून आम्ही मेट्टॉयवाले झालो. कुणी हॉर्नबीचं नाव काढलं की भांडायला उठायचो. लोक विचारतात, जगात एवढ्या नामांकित गाड्या असताना तुम्ही ही कुणाला न माहीत असलेली कंपनी का धरून बसलात? तर हे असं आहे. पोरं कंपनी निवडत नसतात. घरात जे येतं ते येतं, आणि मग पोरगं त्याची बाजू घेतं, कारण ती बाजू म्हणजे आणणाऱ्या माणसाची बाजू असते.

आता थोडं तांत्रिक. गाडी रुळावर बसली पण डबे जुळले नाहीत, असं का? रुळांच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे गेज. ज्यांनी मनमाडला गाडी बदललीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. मुंबईकडून येणारी ब्रॉडगेज, औरंगाबाद-परभणीकडं जाणारी मीटरगेज, त्यामुळं माणसं आणि पोती एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायची. खेळण्यांचंही तसंच होतं. प्रत्येक कारखानदाराचं माप वेगळं. १८९१ साली जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीनं मापांना नंबर दिले, तेव्हा कुठं शिस्त आली. पुढं घराघरांत पसरलं ते शून्य नंबरचं माप, म्हणजे ३२ मिलिमीटर. हॉर्नबीचं तेच, आमचंही तेच. पण आकडे, रुळांचे जोड, विजेच्या गाडीत वीज कुठून घ्यायची, हे जो तो आपापलं ठेवी. एकदा एका कंपनीची गाडी घेतली की पुढचे डबे, सांधे, सिग्नल सगळं तिच्याकडूनच. बापाचा खिसा वर्षानुवर्षं एकाच दुकानाला बांधलेला. निष्ठा निष्ठा म्हणतो त्यातली निम्मी या आकड्यात असते, असं आमचं मत आहे.

अमेरिकेत याच गोष्टीवरून पोरांच्या दोन फळ्या होत्या. लायनेल ही मोठी कंपनी, तिची गाडी तीन रुळांवर चाले; मधला रूळ विजेसाठी. खऱ्या रेल्वेला तीन रूळ कुठं असतात? अमेरिकन फ्लायर या धाकट्या कंपनीनं दुसऱ्या महायुद्धानंतर दोन रुळांची गाडी काढली, खऱ्यासारखी. फ्लायरवाली पोरं हेच तोंडावर फेकायची. पण विक्रीत लायनेल पुढं. आणि १९६७ मध्ये फ्लायरचं नावच लायनेलनं विकत घेतलं. म्हणजे आज कुणी नवी अमेरिकन फ्लायर घेतली तर पैसे जातात लायनेलच्या गल्ल्यात. जुन्या फ्लायरवाल्यांना हे किती झोंबलं असेल, याची आम्हाला कल्पना आहे.

आता आमच्या दोन कंपन्या. फ्रँक हॉर्नबी हे लिव्हरपूलचे. मेकॅनो हे त्यांचंच, भोकांच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट. १९२० साली त्यांच्या कंपनीनं आगगाडी काढली तीसुद्धा नट-बोल्टची, खोलून पुन्हा जोडता येणारी. मेट्टॉयचा जन्म वेगळा. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला टिप नावाचा पत्र्याच्या खेळण्यांचा कारखाना होता, त्याचे मालक फिलिप उलमन, ज्यू. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि उलमन इंग्लंडला गेले. नॉर्दॅम्प्टन या गावात त्यांनी पुन्हा शून्यातून सुरुवात केली. तीच मेट्टॉय.

हे इंजिन जवळून बघा, म्हणजे ती स्वस्त का होती ते कळेल. रंग हातानं दिलेला नाही. सपाट पत्र्यावर चाकं, खिडक्या, रिव्हेट सगळं आधी छापून घ्यायचं, मग ठशानं कापायचं, दुमडायचं, आणि एका पत्र्याची जीभ दुसऱ्याच्या फटीत घालून वाकवायची. डाग नाही, स्क्रू नाही. कपाटात ठेवायला हॉर्नबी जड आणि देखणी, हे आज आम्ही कबूल करतो. लहानपणी केलं नसतं.

पण ऐका, पुढं काय झालं. हॉर्नबीच्या कंपनीची डिंकी नावाची छोट्या मोटारींची मालिका जगभर खपत होती. १९५६ साली मेट्टॉयनं कॉर्गी नावाच्या मोटारी काढल्या, आणि त्यांना खिडक्यांच्या काचा होत्या. डिंकीला तेव्हा नव्हत्या. १९६५ मध्ये जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन आली, छपरातून माणूस उडवणारी, ती तर कॉर्गीचीच. कॉर्गी म्हणजेच मेट्टॉय, हे आम्हाला चाळिशीत कळलं. त्या रात्री आम्ही पुण्याला मामेभावाला फोन लावला. तो म्हणाला, "झोपा आता."

जिंकलो म्हणावं तर तसंही नाही. मेकॅनोचा लिव्हरपूलचा कारखाना १९७९ ला बंद पडला आणि मेट्टॉय १९८३ ला बुडाली. मधल्या काळात, जानेवारी १९८२ मध्ये, मुंबईत गिरणी संप झाला. नाना त्यातले. ते गावी आले ते कायमचेच. दोन-तीन वर्षं तर कोयता घेऊन ऊसतोडीलाही गेले; आपल्याकडं ते सांगायला नको. उलमनची हकीकत, म्हणजे एका गावातला कारखाना सोडून दुसऱ्या परक्या गावात जाऊन ते इंजिन घडवणाऱ्या माणसाची हकीकत, नानांना सांगायची राहून गेली. आम्हाला ती कळेपर्यंत नाना नव्हते.

जमवायला लागलो ते पुण्याला नोकरीला लागल्यावर. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ ला सुरू झालं. गेला नसाल तर पोरांना घेऊन जा. तिथल्या गाड्या आमच्याहून लहान, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या, आणि सबंध गावच्या गाव पळतं. ते बघून बाहेर आलो आणि इथल्या घराच्या कोठीतलं आमचं इंजिन आठवलं. आलो, शोधलं. इंजिन मिळालं. दोन्ही डबे मात्र आम्हीच कधीकाळी भंगारवाल्याला घालून फुटाणे खाल्ले होते. चावीही हरवलेली. ती गावातल्या एका कारागिरानं पितळेच्या सळईतून कानस मारून घडवून दिली, दोन पैसे घेतले नाहीत. आता आमच्या ओळखीचे संग्राहक म्हणतात, मूळ चावी मिळवा, किंमत वाढेल. चावी आम्ही बदललेली नाही.

जमवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कामाच्या. खोकं असेल तर फेकू नका, खोक्यानं किंमत बदलते. आणि ओतीव भागांकडं नीट बघा. युद्धापूर्वीच्या हॉर्नबीची काही चाकं, आणि १९३८ च्या छोट्या डब्लो मालिकेतले ओतीव भाग जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत. त्यात शिशाची थोडी भेसळ राहिली असेल तर धातू आतून फुगतो, चिरा पडतात, शेवटी भुगा होतो. त्याला औषध नाही. पत्र्याला हा रोग होत नाही. पत्र्याला गंज, आणि गंजाला कोरडी जागा, मऊ फडकं आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो, तोही आतल्या चाकांना. छापलेल्या रंगावर तेल, रॉकेल, चिंच काही लावू नका. चकचकीत करायच्या नादात आम्ही एक डबा पार पांढरा केलाय.

आता ज्यासाठी मुद्दाम आलो ते. आमच्याकडं तीन गाड्या अशा आहेत ज्यांना कंपनीच नाही. जत्रेत मिळायच्या त्या, तेलाच्या नाहीतर बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून केलेल्या. उलटी करून आत बघितलं की जुन्या डब्याची छपाई दिसते, अर्धं अक्षर, अर्धं फूल. पत्र्याला जीभ, जिभेला फट, मेट्टॉयचीच रीत. हॉर्नबीच्या याद्या छापलेल्या आहेत, कुठलं इंजिन कुठल्या साली निघालं ते शोधता येतं. या गाड्या कुणी केल्या, कुठल्या गावच्या हातांनी केल्या, याची यादी कुणी केली नाही. आणि त्या भंगारात जातात, कारण दिसायला त्या भंगारच. मेट्टॉयला निदान नाव तरी होतं.

तेव्हा माळ्यावर, कोठीत, कणगीमागं काही सापडलं तर आम्हाला विकू नका; हवं तर देऊही नका. फक्त ते कुणी आणलं, कुठल्या जत्रेतून, साधारण कधी, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी गाडीतच ठेवा. तिघांपैकी एका गाडीत आम्हाला अशी चिठ्ठी मिळाली होती. बाकी दोन मुक्या आहेत.

बास. आता पोरांनी पुढं या, मोठ्यांनी नंतर. फरशी इथं चांगली आहे. चावी आठ फेऱ्यांच्या वर द्यायची नाही, स्प्रिंग पन्नासेक वर्षांच्या वर जुनी आहे. आणि त्या टोकाला एकानं बसायचं, इंजिन भिंतीवर जायच्या आत धरायला.