विंचू चावला? आधी हातपाय चाचपून पाहा



नागपूरच्या लकडगंजातून आपण घरासाठी लाकूड आणतो. काम निघेपर्यंत बल्ल्या-फळ्यांची रास अंगणात पडून राहते, शेजारी पऱ्हाट्यांचा ढीग. विंचवाला हे आयतेच घर. मोठी काळी इंगळी दिसते भयंकर, पण तिचा दंश सहसा जिवावर बेतत नाही. भ्यावे ते लहानशा लाल विंचवाला.

त्याच्या विषाने शरीरात एकदम भरमसाट ॲड्रिनॅलिन सुटते आणि रक्तवाहिन्या आवळतात. पण सगळीकडे सारख्या नाहीत. कातडी, हातपाय, आतडी येथल्या वाहिन्या फार आवळतात. मेंदूच्या त्यामानाने कमी. म्हणून माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, पण हातपाय बर्फासारखे गार पडतात. पंप जोरात चालू आणि वाफ्यांची दारे बंद, अशी हृदयाची गत होते. ते थकते, मागे तुंबारा होतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. रुग्ण दगावतो तो यामुळे.

यावर उपाय सापडला तो आपल्याच राज्यात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करीत होते. तेव्हा गंभीर विंचूदंशाच्या शंभर रुग्णांत तीस-चाळीस दगावत. त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरले. ते आवळलेल्या वाहिन्या सैल करते. हातापायांत रक्त खेळू लागते, हृदयावरचा भार उतरतो, फुप्फुसांतला तुंबारा ओसरतो. १९८६ साली हे काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. पुढे मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरले. २०११ साली त्यांनीच दाखवले की जोडीला विंचूविषावरील लस दिली तर रुग्ण आणखी लवकर सुधारतो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मात्र ही गोळी आणून घरीच देऊ नये. वाहिन्या एकदम सैल झाल्या की रक्तदाब उतरतो. रुग्ण उठून बसला तर मेंदूला रक्त कमी पडून घेरी येते. म्हणून औषध डॉक्टरांच्या नजरेखाली, झोपवूनच देतात.

आपले काम एवढेच. उलटी, दरदरून घाम, गार हातपाय दिसले की घटकाभरही न थांबता दवाखाना गाठा. मुलग्याचे लिंग ताठरले असेल तर तेही लक्षणच. लाजून लपवू नका. वेदना कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मंत्र, चिरा, आवळपट्टी यांत वेळ घालवू नका. लहान मूल असेल तर लक्षणांची वाटच पाहू नका.

आणि लाकडाची रास घरापासून दूर, विटांवर उचलून रचा. फळी उचलताना आधी काठीने ठोका, मग हात घाला.