पिण्याच्या पाण्याची हद्द

शेताच्या बांधावरील हद्दीचा दगड वीतभर सरकला तरी आपण शेतकरी मंडळी मोजणीचा अर्ज करतों आणि कचेरीच्या पायऱ्या झिजवितों. परंतु घरांतील घागरींत येणाऱ्या पाण्यासही हद्द आंखून दिलेली आहे, आणि ती ओलांडली गेली कीं काय याची चौकशी शंभरांत एखादाच करतो. महसुली दफ्तरांत आयुष्य गेल्यामुळें हद्द म्हणजे काय हें आम्हांस थोडेंबहुत ठाऊक आहे; म्हणून या विषयावर चार शब्द लिहीत आहों.

एप्रिल 2016 मध्यें लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें आपल्या भागांत कोणीही विसरलेला नाहीं. शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यांत टंचाईच्या वर्षीं पाणी मिळालें एवढ्यावरच लोक समाधान मानतात. तें कसें आहे हा प्रश्न मागें पडतो.

भारतीय मानक ब्यूरोच्या 10500 क्रमांकाच्या मानकांत, म्हणजे त्याच्या 2012 च्या सुधारित आवृत्तींत, या हद्दी दिल्या आहेत. एक लिटर पाण्यांत फ्लोराइड 1 मिलिग्रामपर्यंत असावें. दुसरें पाणी नसल्यास 1.5 पर्यंत चालवून घ्यावें. विरघळलेले एकूण क्षार 500 पर्यंत, अगदीं निरुपाय झाल्यास 2000 पर्यंत. नाइट्रेटास मात्र 45 मिलिग्राम ही एकच हद्द असून तींत सवलत नाहीं.

यांपैकीं फ्लोराइड खडकांतून येतें. नांदेड जिल्ह्यांतील किनवट भागांत त्याचा उपद्रव आहे. त्यानें दांतांवर डाग पडतात व पुढें हाडेंही वांकतात. तो भूमीचा दोष होय. नाइट्रेटाची गोष्ट निराळी आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या पाहणींत ज्या जिल्ह्यांच्या कांहीं भागांत नाइट्रेट हद्दीबाहेर आढळलें, त्यांत लातूर व नांदेड हे दोन्ही आहेत. आणि तें बहुतांशीं आपल्याच खतांतून, उकिरड्यांतून, गोठ्यांतून व शोषखड्ड्यांतून विहिरींत उतरतें.

याचा हिशेब शेतकऱ्यानें स्वतःच करून पाहावा. युरियाच्या 45 किलोंच्या गोणींत सुमारें 20 किलो 700 ग्राम नत्र असतें. त्याचा दहावा हिस्सा जरी पिकास न लागतां नाइट्रेट होऊन पाण्याबरोबर खालीं गेला, तरी सुमारें 9 किलो नाइट्रेट होतें. आणि तेवढें नाइट्रेट दोन लक्ष लिटर स्वच्छ पाणी हद्दीपर्यंत नेऊन पोंचवितें. एका गोणीची ही कथा. उसाच्या एका फडास गोण्या किती पडतात, हें वाचकांस सांगावयास नको.

अशा पाण्यास रंग नाहीं, वास नाहीं. तें उकळून नाइट्रेट जात नाहीं. उलट पाणी आटल्यानें त्याचें प्रमाण वाढतें. तुरटी किंवा टीसीएल पावडर यांचाही येथें उपयोग नाहीं. वरच्या दुधांत असें पाणी मिसळून पाजल्यास तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घटते व मूल निळें पडतें. अमेरिकेंतील कॉमली या डॉक्टरांनीं 1945 सालीं हें विहिरींच्या पाण्यावरून दाखवून दिलें.

आतां कायद्याचा विचार करूं. बाटलींतून विकल्या जाणाऱ्या पाण्यास 2006 चा अन्नसुरक्षेचा कायदा लागू आहे. हद्द ओलांडणारा विक्रेता शिक्षेस पात्र होतो. पण गांवच्या नळास लावलेलें 10500 चें मानक पाणी पुरविणाऱ्यावर तशा रीतीनें बंधनकारक केलेलें नाहीं. 2019 सालीं सुरू झालेल्या जलजीवन योजनेंत माणशीं रोज 55 लिटर पाणी याच मानकाचें द्यावें असें म्हटलें आहे. तथापि योजनेंतील उद्दिष्ट वेगळें आणि कायद्यानें आलेलें उत्तरदायित्व वेगळें. नकाशावर हद्द आहे, पण जमिनीवर दगड नाहीं, अशी ही स्थिति आहे. अमेरिकेंत 1974 च्या कायद्यानें पाणी पुरविणाऱ्यावर तपासणीची व हद्द मोडल्यास लोकांस कळविण्याची सक्ति आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, गरीब ग्रामपंचायतीनें हा भार कसा उचलावा? शंका रास्त आहे. पैसा न देतां केवळ सरपंचास दंड करणारा कायदा अन्यायाचाच होईल. म्हणून हद्द बंधनकारक करतांना तपासणीचा व पर्यायी पाण्याचा खर्च सरकारनें उचलावा, आणि प्रत्येक तपासणीचा आंकडा चावडीच्या फलकावर लागावा, असें आमचें मत आहे.

परंतु कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचें कारण नाहीं. ग्रामसभेंत पाण्याचा अहवाल मागावा; 'पाणी योग्य आहे' एवढ्या शेऱ्यावर न भुलतां नाइट्रेटाचा व फ्लोराइडाचा आंकडा विचारावा. उकिरडा विहिरीपासून दूर व उताराच्या खालच्या अंगास न्यावा. युरिया एकदम न टाकतां पिकाच्या गरजेप्रमाणें हप्त्यांनीं द्यावा. सोयाबीन हें द्विदल पीक आपल्या मुळांवरील गांठींतून नत्र मिळवितें, हें ध्यानांत ठेवून त्यावर युरियाची उधळण करूं नये.

शेजाऱ्यानें बांध कोरला तर आपण त्यास कोर्टांत खेंचतों. येथें बांध कोरणारे बहुधा आपणच आहों, आणि नुकसान पाळण्यांतील लेंकराचें आहे. सरकारकडे कायदा मागतांना आपल्या शेतापुरता तो आजपासूनच पाळावा, एवढीच आमची आपल्या शेतकरी बंधूंस विनंति आहे.