सही केली की गप्प?

नोकरी सोडताना मिळणाऱ्या कागदांत एक कलम अनेकदा दडलेलं असतं: इथे घडलेलं बाहेर बोलायचं नाही. सही करा, मगच जादा पैसे. पिंटरेस्ट या कॅलिफोर्नियातल्या कंपनीतून बाहेर पडलेल्या इफोमा ओझोमा आणि एरिका शिमिझू बँक्स या दोन कृष्णवर्णीय महिलांनी जून २०२० मध्ये तिथल्या वंशभेदाबद्दल जाहीरपणे सांगितलं. ओझोमा यांनी तर गुप्ततेच्या करारावर सही केलेली असताना.

कॅलिफोर्नियाच्या २०१८ च्या कायद्याने तडजोडीतली अशी तोंडबंदी रोखली होती, पण ती मुख्यतः लैंगिक छळ आणि लिंगभेदापुरती. म्हणजे बाई म्हणून त्रास झाला तर बोला, काळी म्हणून झाला तर गप्प बसा! एकाच बाईने अर्धंच दुःख सांगायचं, असा हा अजब हिशेब. ओझोमा यांनी पाठपुरावा केलेलं, सिनेटर कॉनी लेव्हा यांचं ‘एसबी ३३१’ विधेयक ऑक्टोबर २०२१ मध्ये मंजूर झालं. १ जानेवारी २०२२ पासून वंश, धर्म, वय, अपंगत्व अशा कारणांवरून झालेल्या भेदभावाबद्दल बोलण्यालाही ते संरक्षण मिळालं. सिलिकॉन व्हॅलीतल्या मराठी अभियंत्यांनाही अर्थातच.

याच कायद्यानुसार निरोपाच्या करारावर सही करण्यापूर्वी वकिलाला विचारायला कामाचे किमान पाच दिवस द्यावे लागतात. तडजोडीची रक्कम मात्र गुप्त ठेवता येते, कंपनीची व्यापारी गुपितंही. तक्रारदाराची इच्छा असेल तर तिची ओळखही झाकता येते.