आवाज बसलाय? किती दिवस?

घसा धरला की हळद-दूध, बसला की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, खवखवला की ज्येष्ठमधाची काडी. हे औषधोपचार आपल्याकडे घरोघरी ठरलेले आहेत आणि बहुतेकांचा घसा त्यांनी बराही होतो. कान-नाक-घशाचा डॉक्टर असूनही मी त्यांना नावे ठेवणार नाही. माझी तक्रार एवढीच आहे, की या गुळण्या किती दिवस करायच्या हे कोणी ठरवत नाही.

आवाज बसलेल्या रुग्णाला मी पहिला प्रश्न विचारतो, ‘किती दिवस झाले?’ उत्तर बहुधा सणावारांत मिळते. ‘गणपतीत बसला होता डॉक्टर, आता दिवाळी आली.’ आरत्या म्हणून आवाज बसला, हे समजू शकते. पण सर्दीने किंवा ओरडण्याने बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटायला हवा. तीन आठवड्यांनंतरही तो घोगराच राहिला, तर घशात डोकावून पाहायलाच हवे. कारण घशाच्या कर्करोगाची पहिली खूण पुष्कळदा एवढीच असते. दुखत नाही, ताप नाही, रक्त नाही. नुसता आवाज बदललेला.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते जवळ येतात आणि कंप पावतात. त्यांच्यावर तिळाएवढी गाठ आली, तरी ते नीट मिटत नाहीत आणि आवाज फाटतो. शिवाय स्वरतंतूंत लसीकावाहिन्या फार थोड्या असल्याने इथला रोग बराच काळ जागच्या जागी राहतो. अशा वेळी किरणोपचाराने किंवा लेसर शस्त्रक्रियेने बहुतेक रुग्ण बरे होतात आणि त्यांचा आवाजही टिकतो. पण हाच रोग स्वरयंत्राच्या शेजारच्या खोबणीत सुरू झाला, तर आवाज लवकर बदलत नाही. गिळताना काहीतरी अडकल्यासारखे वाटते, एका बाजूचा कान ठणकतो किंवा एकदम मानेत गाठच दिसते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे थोड्या अंतराने दोन रुग्ण आले. दोघेही पन्नाशीचे, दोघांनाही पंचवीस वर्षांची विडी. पहिले बसकंडक्टर. ‘दिवसभर ओरडावे लागते, आवाज बसणारच,’ असे ते म्हणत. सासरी असलेल्या मुलीने फोनवर त्यांचा आवाज ओळखला नाही, म्हणून तिने हट्टाने पाचव्या आठवड्यात माझ्याकडे आणले. एका स्वरतंतूवर छोटी गाठ निघाली. किरणोपचार झाले आणि ते कामावर परतले. दुसरे किराणा दुकानदार. कान दुखतो म्हणून चार महिने कानात थेंब घालत होते. कान अगदी स्वच्छ होता. कानाच्या आणि घशाच्या संवेदना काही अंशी त्याच नसांतून जातात, त्यामुळे घशाचे दुखणे कानात जाणवते. तोवर मानेत गाठ आली होती. त्यांचे स्वरयंत्र काढावे लागले. आज ते मानेतल्या छिद्रातून श्वास घेतात आणि उधारीचा हिशेब पाटीवर लिहून सांगतात.

घशात डोकावण्याची युक्ती मॅन्युएल गार्सिया या गाण्याच्या शिक्षकाने 1854 साली शोधली. दातांच्या डॉक्टरचा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून त्याने स्वतःचे स्वरतंतू पाहिले. आज नाकातून बारीक दुर्बीण घालून हे काही मिनिटांत दिसते, भूल द्यावी लागली तरी ती फवाऱ्याची. शंका आली तर तुकडा काढून तपासतात. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही भीती सोडून द्या. उलट, तपासणी टाळण्यात जे महिने जातात, त्यांत तो पसरतो.

आता कारणांविषयी. थंड पाण्याने, आइस्क्रीमने किंवा गाण्याने कर्करोग होत नाही. होतो तो प्रामुख्याने तंबाखूने. विडी पानात गुंडाळलेली असते म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज खोटा आहे. दारू हे दुसरे कारण. दोन्ही एकत्र असतील तर धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो,’ असे सांगणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2003 मध्ये जाहीर केले आहे. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली. पण बंदी सरकार घालते, सवय घरातूनच सुटावी लागते.

एचपीव्ही या विषाणूमुळेही टॉन्सिलचा आणि जिभेच्या मुळाचा कर्करोग होऊ शकतो. या विषाणूविरुद्धची लस आपण मुलींच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ओळखतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या अशा लशीला 2022 मध्ये मान्यता मिळाली. नऊ ते चौदा हे तिचे योग्य वय. ती मुलांनाही देता येते, त्याबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

‘आता सोडून काय उपयोग?’ असे तीस वर्षे ओढणारे विचारतात. उपयोग आहे. सिगारेट-विडी सोडल्यावर पाच ते दहा वर्षांत घशाच्या आणि स्वरयंत्राच्या कर्करोगाचा वाढीव धोका जवळजवळ निम्मा होतो. एकट्याने जमत नसेल तर 1800-11-2356 ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे.

स्वतःचा आवाज आपण रोज ऐकतो, त्यामुळे तो बदलल्याचे आपल्याला कळत नाही. घरच्यांना कळते. आज रविवार, घर भरलेले असेल. आजोबांचा, काकांचा, आईचा आवाज जरा लक्ष देऊन ऐका. घोगरा वाटला तर दिवस मोजा. तीन आठवडे उलटले असतील, तर उद्या डॉक्टरांकडे घेऊन जा. बहुतेकांच्या घशात काहीच निघणार नाही. ते ऐकायलाच तर जायचे आहे.