धंद्यातील गुपित आणि विचारविनिमय

धंदा म्हटला की गुपित आलेच, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. या समजुतीत कितपत तथ्य आहे, याचा विचार आपल्या बेळगावच्या ओतकामाच्या धंद्यावरून करण्याचे आम्ही योजिले आहे.

बेळगावचा व लोखंडाचा संबंध जुना. किर्लोस्कर बंधूंनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते याच गावी. आज उद्यमबागेत फौंड्र्या शेजारी शेजारी नांदत आहेत. अशाच एका लहानशा फौंड्रीचा मालक आमचा जुना विद्यार्थी आहे. एका पावसाळ्यात त्याची कास्टिंगे गिऱ्हाइकाकडून परत येऊ लागली. वरून गुळगुळीत, पण लेथवर चढविताच आत पोकळ्या! गिऱ्हाईक तुटेल या भीतीने त्याने ही गोष्ट कोणाजवळ काढली नाही. कामगारांचे पगार मात्र थकले. अखेर एका शुक्रवारी नमाजानंतर त्याने ती आमच्याजवळ बोलून दाखविली. आम्ही पडलो शिक्षक. आम्हांस त्यातले काय कळणार? "शेजाऱ्यास विचार," एवढेच आम्ही म्हणालो.

शेजाऱ्याने आदल्या वर्षी हाच तोटा सोसला होता. कारण साधे होते. साच्याची वाळू चिकणमाती व पाणी घालून मळतात. पावसाळी हवेत वाळू मुळातच ओली असते. तीत नेहमीच्या मापाने पाणी घातले की ओल वाढते. तेराशे अंशांहून तप्त असा लोखंडाचा रस तीवर पडताच पाण्याची वाफ होते. ही वाफ पाण्याच्या हजारपटींहून अधिक जागा मागते, व बाहेर पडण्यास वाट न मिळाल्यास रसातच अडकून राहते. प्रत्येक घाण्याची ओल तपासणे, हाच त्यावर उपाय. दोघांमध्ये एका भिंतीचे अंतर. पण ते ओलांडण्यास तीन महिने लागले! पुढे शेजाऱ्याची भट्टी बिघडली, तेव्हा त्याचे साचे आमच्या विद्यार्थ्याच्या भट्टीवर ओतले गेले.

कित्येक कामे तर एकट्याच्या आवाक्यातलीच नसतात. राळ मिसळलेली वाळू एकदा वापरली की ती राळ काढल्यावाचून पुन्हा नीट उपयोगी पडत नाही. ते यंत्र लहान कारखानदारास परवडत नाही, आणि टाकलेल्या वाळूचे ढीग गावास जाचक होतात. केंद्र सरकारच्या २००३ सालच्या औद्योगिक सुविधांच्या योजनेचा आधार घेऊन येथील फौंड्रीवाले एकत्र आले व वाळू शुद्ध करण्याची सामाईक सोय झाली. गाव करी ते राव न करी, ते हेच.

मग गुपित म्हणून काही राखूच नये काय? तसे नव्हे. आपले गिऱ्हाईक, आपले दर, आपली नवी कल्पना ज्याची त्याने जपावी. चौघांनी संगनमत करून भाव चढविणे, हे तर सहकार्यच नव्हे; ती गिऱ्हाइकाची लूट होय. परंतु ज्या ज्ञानाने माल वाया जाण्याचे टळते, कामगाराचा हात भाजण्यापासून वाचतो, ते लपविण्यात कोणाचाच लाभ नाही. एकाचे कास्टिंग फुटले, तर परगावचा व्यापारी त्या एकाचे नाव लक्षात ठेवीत नाही. "बेळगावचा माल" असेच म्हणतो.

आपल्या ट्रस्टच्या सभासदांत दुकानदार आहेत, कारखानदार आहेत, नुकतेच धंद्यात पडलेले तरुणही आहेत. महिन्यातून एक सायंकाळ त्यांनी एकत्र बसावे व प्रत्येकाने आपली एक चूक मोकळेपणाने सांगावी. यशाच्या गोष्टी ऐकावयास गोड लागतात. पण शेजाऱ्याचे नुकसान वाचते ते चुकीच्या गोष्टीने. या महोत्सवी वर्षी एवढा परिपाठ सुरू झाला, तरी पुष्कळ साधले असे आम्ही समजू.